पोर्तुगालचं प्रकरण
बाइंडरच्या दुकानातला खळीचा आंबूस वास आला, की मला मंगळवार पेठेतली आमची माडी आठवते. एम.ए.च्या प्रबंधासाठी तिथं मी आणि माझी मैत्रीण मिळून फिनलंड आणि पोर्तुगाल यांच्या आर्थिक-सामाजिक विकासाची तुलना करत होतो. फिनलंड माझ्याकडे, पोर्तुगाल तिच्याकडे. ती कुरुंदवाडहून एसटीनं यायची. एका दुपारी आली आणि तिनं आपली वही माझ्यापुढं ठेवली. "लग्न ठरलंय. परीक्षा आता नको म्हणत्यात सासरची." खाली पत्रे ठोकण्याचा आवाज चालला होता. तिनं एक पान उघडलं. पोर्तुगालमध्ये एके काळी बायकोला देशाबाहेर जायला नवऱ्याची परवानगी लागायची, असं त्यावर लिहिलं होतं. "हे तेवढं गाळू नगंस, लई शोधून काढलंय." मी म्हटलं, "ऋणनिर्देशात तुझं नाव घालते की." ती नुसती हसली आणि पाचची गाडी गाठायला उठली. अर्धं काम दुसरीचं म्हणून गुण कापले जातील या भीतीनं मी तिचं नाव घातलं नाही. तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं पोर्तुगालचं प्रकरण वाखाणलं, आणि मी मान खाली घालून "थँक्यू सर" म्हटलं. पुढं मी प्राध्यापक झाले. मागच्या महिन्यात ती नृसिंहवाडीच्या घाटावर भेटली. केस पिकले होते. "आपलं पोर्तुगाल कुठं छापून आलं का गं?" तिनं विचारलं. "आलं," मी म्हटलं. तिला इतका आनंद झाला, की कुणाच्या नावानं आलं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.