हळदीत वाचलेले प्रश्न

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते मलाही नीट माहीत नाही.

आमच्या ह्यांना बायपोलरचा आजार आहे. कधी मन बुडतं, कधी इतकं चढतं की झोप नको, जेवण नको. गोळ्यांवर चांगले राहायचे, वाशिंदला कारखान्यात जायचे. कल्याणच्या डॉक्टरांनी प्रश्नांचा एक कागद दिला होता. दर आठवड्याला ह्यांनी स्वतः भरायचा — नेहमीपेक्षा जास्त आनंदी वाटतं का? कमी झोप पुरते का? मन चढायला लागलं तर वेळेत कळावं म्हणून.

मला मात्र त्या कागदाची चटक लागली. भाजी खारट म्हणाले — कागद पुढे, मन चढलंय का बघा म्हणून. माझ्या माहेरावरून काही बोलले — कागद पुढे. ते बोलणं सोडून पेन शोधायचे. आणि मला — कसं सांगू — बरं वाटायचं.

मग मुरबाडला पुतण्याची हळद होती. हे नाचले. सगळेच नाचत होते. नणंद म्हणाली, "वहिनी, दादा कवा हसला व्हता गो असा?" मला ते का सहन झालं नाही? पर्समधून कागद काढला आणि भर मांडवात मोठ्यानं वाचला. "नेहमीपेक्षा जास्त उत्साह वाटतो का? लोक म्हणतात का, तुम्ही फार बोलता?" पोरं हसली. मीही हसले. हे खुर्चीत जाऊन बसले. "पुरे गो," एवढंच म्हणाले.

त्यानंतर कागदावर प्रत्येक प्रश्नाला 'नाही'. पावसाळा सरता सरता त्यांची झोप उडाली, बोलणं थांबेना, तरी 'नाही'. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तरी मी तो कागद डॉक्टरांकडे तसाच दिला. त्या 'नाही'त माझा धाक होता — तो मला आवडत होता.

एका दुपारी हे कसाऱ्याच्या अलीकडे हायवेवर उभे राहून गाड्यांना हात दाखवत होते. टेम्पोखाली पाय गेला.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "घरात काहीच जाणवलं नाही?"

"लपवलं त्यांनी," मी म्हणाले. "मला काय कळणार?"

हे खाटेवरून ऐकत होते. घरी आल्यावर म्हणाले, "माझंच चुकलं गो. खरं लिवायला पायजे व्हतं."

मी म्हणाले, "आता तरी शिका."