मामांची शेवटची होळी

परवा शेजाऱ्यांनी अंगणात रंगीत छापील कागद पेटवले आणि शाईच्या त्या जळक्या वासाने मला थेट मामांच्या गावी, वडस्याला नेऊन उभं केलं.

मामांची ‘काजवा रंगभूमी’ ही नाटक कंपनी तेव्हा एवढी गाजत होती, की नाटक असलं की जंगलातले वाघसुद्धा पुढची जागा धरून बसत. खोटं वाटत असेल तर वाघांना विचारा. मामांचा रिवाज असा, की हंगाम संपला की नाटकांची उरलेली पत्रकं होळीत जाळायची. जुनं पत्रक घरात राहिलं तर नवं नाटक पडतं म्हणे.

त्या होळीलाही कंपनीतले सगळे आगीभोवती नाचत होते. तेवढ्यात चंद्रपूरच्या वकीलबाई आल्या. दुसरंच कोणी आमचं नाव लावून नाटकं करत होतं, म्हणून मामांनीच त्यांना बोलावलं होतं.

“भाऊ, त्या लोकायनं हे नाव नोंदवायले अर्ज टाकला,” बाई म्हणाल्या. “पण नाव आधीपासून तुमचं, एवढं दाखवलं तर वाचू. मागच्या सालांची पत्रकं काढा.”

“मजाक काऊन करता बाई?” मामा हसले. “दरसालची त्या त्या होळीत गेली. हा यंदाचा शेवटचा गठ्ठा, तोबी पेटला.”

बाई हसल्या नाहीत. “मग कोर्टात काय दाखवू, भाऊ? राख?”

जाळात ‘काजवा’ची अक्षरं काळी पडून वळत होती. मामांनी जाळ ढोसायची काठी फेकली आणि उघडा हात आगीत घातला.

आम्हाला वाटलं, मामा नाटक करून राह्यले. आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलंसुद्धा, “वन्स मोअर!”