जवळ पडणारे बॉल

गोल्फचा बॉल कसा निवडावा हे मला कुणी विचारत नाही. माझा खेळ ज्यांनी पाहिलाय ते तर मेले तरी विचारणार नाहीत. तरी सांगतो, कारण आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी पुरती शिकलो, आणि तीही उलट्या बाजूने.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. उसाच्या मळ्यांच्या आमच्या बेटावर आम्ही व्हाकोआ गावात राहायचो, मी सरकारी कचेरीत कारकून होतो. आमचे साहेब गोल्फ खेळत, त्यामुळे आठवड्यातून एक दुपार आम्हालाही मैदानावर जायला मिळे. बढतीची वाट त्या हिरवळीवरूनच जाते अशी माझी समजूत होती. ती वाट माझ्यासाठी सरळ झुडपात गेली, ते सोडा.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मोंतान्य ब्लांश या खेड्यातल्या घरात ते एकटे कसे राहणार, म्हणून बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. उसात जन्म गेलेला हा माणूस आमच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, "यांना चालवा, नाहीतर पाय जातील."

"कुठं चालू?" मामा म्हणायचे. "तिकडं ऊस होता, गाय होती. इथं चालून जायचं कुठं?"

बायको भात उतरवायच्या निमित्ताने आत जायची आणि डोळे पुसून बाहेर यायची.

अशात मी जवळच्या क्युरपिप शहरात बॉल आणायला गेलो. दुकानदाराने साधा प्रश्न विचारला, "किती वर्षं खेळताय?" मी म्हणालो, "बरीच." त्या एका शब्दाने घात केला. त्याने अदबीने आतला डबा काढला. मऊ सालीचे, आत रबराचा धागा गुंडाळलेले, मोठमोठे खेळाडू वापरतात ते बॉल. मी ते छातीशी धरून बसने घरी आणले.

आमच्यात नवी वस्तू हळदकुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. सायकल असो, शिवणयंत्र असो, पोराची पाटी असो. घरात हे काम सासूबाईंचं असे. बायकोने डबा देवापुढे ठेवला, हळदीची वाटी घेतली आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती व्हरांड्यात गेली.

"बा, तुम्हीच लावा. तुम्ही थोरले."

मामांनी एकेक बॉल हातात घेतला. जाड बोटाने हळद ओढली, वर कुंकवाचा ठिपका. सगळे पुजून झाल्यावर म्हणाले, "हे आता जाणार कुठं?"

"मैदानावर. मी मारणार."

"मारणार? आत्ता तर पुजलं!"

आणि पुजलेल्या वस्तूचं काय होतं ते बघायला मामा खुर्चीतून उठले. छत्री घेऊन माझ्याबरोबर निघाले. मैदान पाहून त्यांचं पहिलं वाक्य, "एवढं गवत, आणि गाय एक नाही?"

मी पहिला फटका मारला. काठी बॉलच्या डोक्यावर लागली, तो चार हात सरपटला आणि थांबला. जाऊन पाहतो तर हळदीच्या बाजूला साल फाटून बॉलने तोंड उघडलेलं. मऊ साल नेमका फटका मारणाऱ्यासाठी असते. माझ्यासारख्याचा फटका म्हणजे कोयत्याचा घाव. दुसरा बॉलही तसाच गेला. मामांनी तो उचलला, फटीतून लोंबणारं रबराचं टोक ओढलं. धागा येतोय, येतोय, संपतच नाही.

"आयो! जावईबापू, हे बॉल आहे का नेसूचं लुगडं?"

असं म्हणून ते हसले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा. घरी आल्यावर मी बायकोला तेवढंच सांगितलं. बॉल फुटल्याचं तिने विचारलंही नाही.

पुढच्या वेळी त्याच दुकानात मान खाली घालून खरं सांगितलं. दुकानदाराने काउंटरवरचे कडक सालीचे स्वस्त बॉल पुढे केले. कसाही मारा, फाटत नाहीत. नवशिक्याने हेच घ्यावेत. त्यांनाही मामांनी हळद लावली. पावसात कुंकू धुऊन जायचं, पण हळद बॉलच्या खळ्यांत बसून राहायची, त्यामुळे गवतात तो लांबूनही ओळखू येई. माझे सोबती हसायचे: "आला, भटजींचा बॉल आला!" मामांना त्याचं काही नव्हतं. मी मारायचं, त्यांनी छत्री टेकत जाऊन शोधायचा आणि सापडला की छत्री वर करायची. चिनी पेरूच्या झुडपांतून ती काळी छत्री वर आली की मला साहेबांनी पाठ थोपटल्यासारखं वाटे.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग छत्री उशिरा वर येऊ लागली. मामा मध्येच थांबायचे, पेरू तोडल्याचं सोंग करायचे, आणि पेरूंचा हंगाम नसला तरी करायचे. एकदा मला म्हणाले, "जावईबापू, जरा जवळ मारत जा."

आता माझ्या बॉल निवडण्याला नवीन अर्थ आला. माझ्या खेळाला नव्हे, मामांच्या पायांना झेपेल असा बॉल हवा होता. डबक्यातून काढलेले, पाणी प्यालेले, फुकट मिळणारे जुने बॉल मी जमवू लागलो. कितीही जोर लावा, ते धपकन जवळ पडतात. निघताना बायको दारातून सांगायची, "अहो, जवळच मारा हं." मी म्हणायचो, "अगं, मला दुसरं येतं काय?"

एका ओल्या दुपारी पिशवीत हात घातला तर जुने बॉल संपलेले. एकच होता, नवा, कडक सालीचा, मामांनी सकाळीच पुजलेला. वाटलं, माझ्या हातून कुठे लांब जाणार आहे!

गेला. अख्ख्या जन्मात एकदाच तो फटका मला बसला. आवाजसुद्धा वेगळा आला. बॉल सरळ वर चढला, झाडांवरून पार होऊन पलीकडे गेला, आणि मी मूर्खासारखा दोन्ही हात वर करून ओरडलो. खाली पाहिलं तेव्हा मामा चालायला लागले होते. मी हाक मारली, "मामा, राहू दे!" त्यांनी मागे न बघता छत्री हलवली. झाडांपर्यंतही पोचले नाहीत. मध्येच उभे राहिले, मग गवतात खाली बसले.

मी धावत गेलो. ते झाडांकडे बघत होते.

"फिनी," म्हणाले. "संपलं, गेला तो."

"दुसरा घेऊ या, मामा."

"छान मारलंत पण."

हाताला धरून त्यांना घरी आणलं. ते खुर्चीत बसले आणि पुन्हा मैदानावर आले नाहीत. पण दर आठवड्याला मी परत आलो की विचारायचे, "सापडला का?" मी खरंच शोधत होतो. शेवटी एके दिवशी मला राहवलं नाही. नव्या बॉलला गुपचूप हळद लावली, जरा मातीत लोळवला आणि त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो फिरवला, खळ्यांत नख घातलं.

"हा तो नव्हे," म्हणाले. "हळद ओली आहे."

तरीही तो त्यांनी उशाशी ठेवला. त्या थंडीतच ते गेले.

मी अजून जातो मैदानावर, स्वस्त, कडक सालीचेच बॉल घेऊन. आता जवळ मारायची गरज नाही. उसाच्या रानापर्यंत मारले तरी कुणाला चालावं लागणार नाही. पण तसा फटका पुन्हा बसला नाही. नवा डबा आणला की बायको हळदीची वाटी घेते, एकेका बॉलवर बोट ओढते, आणि मी निघालो की दारातून म्हणते, "जवळच मारा हं."

मी हो म्हणतो.