फोगेल आडनावाची माणसं आणि माझे तीन दिवस

मुलीने तिकीट पाठवलं म्हणून सिंगापूरला चाललोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरंच होतं, पण अर्धं. मला तिथे एक माणूस शोधायचा होता आणि त्याचं फक्त आडनाव मला माहीत होतं. फोगेल.

चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी आयुष्य काढलं, तिथे फोगेल साहेब आमचे विभागप्रमुख होते. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, पण त्यांचं पहिलं नाव काय हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. साहेबाला आपल्याकडे पहिलं नाव नसतंच. ते सिंगापूरला गेल्यावर नववर्षाचं एक कार्ड आलं, त्यावरही सही नुसती ‘फोगेल’. पुढे कारखाना विकला गेला, जुनी कागदपत्रं कुठे गेली देव जाणे. या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली.

कशासाठी शोधायचं, तेही सांगून टाकतो. साहेबांनी जर्मनीहून आणलेली एक स्ट्रेट एज होती. म्हणजे दोन मीटरची जड लोखंडी पट्टी, जिच्यावरून यंत्राचा पाया सरळ आहे की नाही ते ठरायचं. तिला त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा दंडक होता. एका वर्षी खंडेनवमीची पूजा माझ्याकडे होती. साहेब सुट्टीवर. पूजेत सगळी हत्यारं मांडायची आणि सगळ्यांत मोठं हत्यार कपाटात राहणार, हे काही मला पटेना. मी पट्टी बाहेर काढली, टेबलावर चढवताना एक टोक हातातून सुटलं आणि ती फरशीवर आपटली. वरून काही दिसत नव्हतं. मी पुसली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि गप्प बसलो. पुढच्या पंधरवड्यात तीन यंत्रांचे पाये आम्ही त्याच पट्टीवर जोखून हाताने खरवडून सरळ केले. पाया सरळ नाही म्हणून तिन्ही यंत्रं गिऱ्हाइकाने परत पाठवली, आणि तपासल्यावर पट्टीच किंचित वाकलेली निघाली. मोठ्या बैठकीत साहेब म्हणाले, विभाग माझा, चूक माझी. कंपनीने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. मी त्या बैठकीत साहेबांपासून तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो.

मुंबईहून विमान साडेपाच तासांचं. निघण्याआधी व्हिसा आणि ऑनलाइन अरायव्हल कार्ड तेवढं विसरू नका. मुलगी, ईशा, सेंगकांगला राहते. अकराव्या मजल्यावर फ्लॅट आणि खिडकीखालून एलआरटी नावाच्या छोट्या मेट्रोची दोन डब्यांची गाडी, जिला ड्रायव्हरच नाही. आयुष्यभर यंत्रांत काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाने त्या गाडीत पहिल्यांदा बसताना देवाचं नाव घेतलं, हे कबूल करतो. ईशाने इंटरनेटवरून तीन फोगेल काढून दिले. नऊ वर्षांची नात यादी बघून म्हणाली, “आजोबा, नुसत्या सरनेमवरून कसं शोधणार? कॅन नॉट लाह.” ‘लाह’ हे तिथल्या बोलण्याचं शेपूट.

पहिल्या दिवशी विद्यापीठ गाठलं. सेरंगूनला गाडी बदलून केंट रिजपर्यंत तासाभराचा प्रवास. वेगळं तिकीट काढावं लागत नाही, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. तिथले डॉक्टर फोगेल तिशीतले निघाले आणि त्यांचं काम डासांवर. जाळीच्या पेट्यांमध्ये हजारो डास पाळलेले. त्यांच्याच प्रयोगशाळेत नाशिकची एक पोस्टडॉक मुलगी होती, तिने मला काका म्हणून हाताशी धरलं आणि सगळं फिरून दाखवलं. डास चावून घ्यायला कोण कोण स्वतःचा हात देतं, ते तिने हसत हसत सांगितलं. डॉक्टरांचे वडील म्युनिकमध्ये शाळामास्तर, पुण्याशी काही संबंध नाही. कँटीनमध्ये त्यांनीच मला जेवू घातलं. शाकाहारी मंडळींनी इकडे भाताबरोबरचं सूप कशाचं आहे ते आधी विचारावं, मी नंतर विचारलं.

दुसरा दिवस पासिर रिसचा. सेंगकांगहून बसने जा, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर सगळं शहर बघून होतं. डेस्मंड फोगेल हे सत्तरीचे गृहस्थ पियानो जुळवून द्यायचं काम करतात. त्यांचे खापरपणजोबा जर्मन व्यापारी होते. बाकी सगळं रक्त मलाक्काचं, केरळचं आणि चिनी, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. जर्मनी त्यांनी पाहिलेली नाही आणि पाहायची इच्छाही नाही, कारण तिथे थंडी असते. त्यांनी पियानोचं पोट उघडून एकेक तार ताणून दाखवली. एक पट्टी दाबली, मान हलवली, किल्ली केसभर फिरवली, पुन्हा दाबली. कानाने जोखणाऱ्या त्या माणसाकडे बघताना मला आमचं खातं आठवलं. साहेबही असेच मान हलवायचे. मी डेस्मंडना माझी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि खंडेनवमीपाशी येऊन विषय बदलला.

तिसऱ्या दिवशी हौगांग. सेंगकांगहून दोन स्टेशनं. बाजाराच्या बाजूला एका कॉफी शॉपमध्ये आन्या फोगेल नावाच्या बाईंचा पावाचा स्टॉल आहे. हॅम्बुर्गच्या बाई, नवरा इथला चिनी, सासूबाई गल्ल्यावर. राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि त्याशेजारी नारळाच्या जॅमचे बन. काळा पाव आपल्या दातांचं काम नाही, बन मात्र दोन खा. मी पुणे म्हटल्याबरोबर बाई थांबल्या. त्यांच्याकडे दर शुक्रवारी काळ्या पावासाठी एका म्हाताऱ्या जर्मन माणसाचा फोन येतो. आडनाव तेच, म्हणून दोघांची थट्टा चालते. तो सारखा पुण्याच्या गोष्टी सांगतो. त्याचं नाव राइनर, राहतो बेडोकला. अठ्ठावीस वर्षांनी साहेबांचं नाव मला एका पाववाल्या बाईंकडून कळलं.

बाईंनी फोन लावून दिला आणि त्याच दुपारी मी बेडोकला पोचलो. हातात आन्याबाईंनी दिलेला पाव. दार साहेबांनीच उघडलं. वय ब्याऐंशी, पाठ वाकलेली, हातात काठी. मला बघून म्हणाले, “साठे! जाड झालात.” एवढंच मराठीत, मग बाकीचं आमच्या जुन्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बायको इथलीच, चार वर्षांपूर्वी गेली. पुण्यानंतर मोठी नोकरी मिळाली नाही, जहाजांच्या पंपांची दुरुस्ती करून दिवस काढले. हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं आणि मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आमच्या एकेकाची चौकशी केली. एकच नाव घेतलं नाही, म्हणून मीच म्हटलं, कदम आता भोसरीत छोटं वर्कशॉप चालवतो.

साहेबांचा चेहरा बदलला. कदम म्हणजे आमचा स्टोअरवाला, हत्यारांच्या कपाटाची चावी त्याच्याकडे असायची. साहेब म्हणाले, “ती पट्टी त्यानेच पाडली असणार. चावी त्याच्याकडे होती. मी बैठकीत त्याचं नाव घेतलं नाही, पण विसरलोही नाही. त्याने तेव्हा कंपनीमार्फत इथल्या नोकरीसाठी माझं शिफारसपत्र मागितलं होतं. दोनदा. मी उत्तर दिलं नाही.”

हे मला माहीत नव्हतं. कदम सिंगापूरला यायची स्वप्नं बघायचा, ते माहीत होतं. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो. त्या नवमीला चावी त्याने मला दिली होती, साठे, जपून रे, एवढंच म्हणून. चावी कुणाला दिली हे तो तेव्हाही बोलला नाही आणि नंतरही नाही.

मग मी सांगितलं. सगळं, फरशीवर आपटल्याच्या आवाजासकट. साहेब काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कदमला हे सांगितलंत?”

मी नाही म्हटलं.

“मग इतक्या लांब माझ्याकडे कशाला आलात?”

त्यांनी दारापर्यंत सोडलं. हात पुढे केला नाही. पाव मी टेबलावर ठेवला होता, तो त्यांनी परत दिला नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं. बेडोकला मी मेट्रोच्या उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि पार दोन स्टेशनं गेल्यावर लक्षात आलं.

पुढचे दिवस मी पाहायचं ते सगळं पाहिलं. बागा, समुद्र, उंच इमारतींची दिव्यांची रोषणाई. फोटो खाली दिले आहेत, छान आलेत. सिंगापूर स्वच्छ आहे, सोपं आहे, एकट्या म्हाताऱ्यानेही निर्धास्त फिरावं असं आहे. जरूर जा. खर्चाचं म्हणाल तर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत जेवा, हात आखडता घ्यावा लागत नाही. पण त्या फोटोंतल्या माझ्याकडे मला बघवत नाही.

परत येऊन तीन आठवडे झाले. भोसरी माझ्या घरापासून दुचाकीवर पंचवीस मिनिटं. पहिल्या रविवारी वाटलं प्रवासाचा शीण आहे. दुसऱ्या रविवारी पाहुणे आले. काल कदमचाच फोन आला. आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याने माझे फोटो पाहिले होते.

“साठे, लेका, एकटाच जाऊन आलास? कसं आहे रे सिंगापूर?” मी सांगत राहिलो, बिनड्रायव्हरची गाडी, डास, पियानो. तो मनापासून ऐकत होता, मध्येमध्ये विचारत होता. शेवटी जरा थांबून म्हणाला, “साहेब भेटले का रे?”

भेटले, म्हटलं.

“माझी आठवण काढली?”

“काढली.”

“बरं वाटलं बघ,” कदम म्हणाला. “मला वाटायचं, साहेबांना माझा राग आहे.”