न घेतलेल्या नावाची सुपारी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सुनेला नाही. नवरा त्याआधीच गेला होता, म्हणून तो सुटला. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, लिहिताना मागेपुढे होईल. पण खोटं लिहिणार नाही — खोटं बोलून झालंय माझं.

आधी सुपारीचं सांगावं लागेल.

आमच्या घरात लग्न निघालं की हळद दळायच्या आधी गेलेल्या माणसांना आवतण देतात. जात्याजवळ सूप ठेवायचं, एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि नावागणिक एक सुपारी सुपात ठेवायची. पुरुषांची नावं भाटाच्या वहीत असतात. बायकांची कुठेच नसतात. ती थोरल्या सुनेच्या तोंडात असतात. मला सासूने शिकवली. आता सासू, नवरा धरून एकवीस सुपाऱ्या होतात. नावं वीस.

एक सुपारी गप्प ठेवायची. सासू म्हणाली होती, "ही कोंडाबाईची. सुपारी ठिवायची, नाव घ्यायचं न्हाई. इसरलीस तर लग्नात इघ्न करील, आन नाव घेतलंस तर घराची अब्रू जाईल."

कोंडाबाई या घरातली विधवा सून. पोटुशी राहिली, म्हणून हाकलून दिली. कोणापासून राहिली तेही सासूने सांगितलं — सख्ख्या दिरापासून. तो माझ्या नवऱ्याचा पणजा. त्याची सुपारी पहिली असते आणि त्याचं नाव सगळ्यांत मोठ्याने घेतात.

"मग तिचं काय झालं?" मी विचारलं होतं.

"समुद्रापल्याड गेली म्हंत्यात. तू डाळ निवड."

मी डाळ निवडली. पुढे चाळीसेक वर्षं मला कोंडाबाई आठवली ती फक्त लग्नांत.

करोनाच्या आधीची गोष्ट. पुण्याची एक मुलगी अशी बायकांच्या तोंडची नावं गोळा करत गावोगाव फिरत होती. मॉरिशसला वंशावळीची परिषद होती — आपले पूर्वज कुठून आले ते शोधणारी माणसं तिथे जमणार होती. तिने मला नेलं. सोबत माझा लेक दत्तू. घोडेगावच्या बाहेर मी तिसगावच्या माहेरापलीकडे फारशी गेले नव्हते, आणि एकदम विमानात!

आम्हाला तिथल्याच एका बाईच्या, गिरजाच्या घरी उतरवलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मोडकंतोडकं मराठी, पण कपाळाला कुंकू आणि मला 'ताई'. पहिल्या दिवशी तिने डाळ भरलेली पोळी वाढली. मी म्हटलं, "पुरणपोळी म्हणायची का ही? गूळ काय मुंबईलाच उतरला?" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. रात्रीपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. अशी मैत्रीण मला घोडेगावात मिळाली नव्हती. साठ वर्षांत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने एक कागद काढला. तिच्या आजीच्या आईचा, जहाजातून उतरली तेव्हाचा. त्यावर लिहिलं होतं — कोंडी, विधवा, गाव घोडेगाव. आणि पोटात मूल.

"घर कोणाचं ते लिहिलं नाही, ताई. तेवढंच पाहिजे मला."

मला तिथेच कळलं. तुम्हाला वाटेल शंका आली असेल. शंका नाही, कळलं. तिच्या भुवया माझ्या नवऱ्याच्या होत्या. मी म्हणाले, "कोंड्या घरोघर असतात बाई."

संध्याकाळी सभेत मी नावं घेतली. पाटावर सूप, समोर दोनेकशे माणसं, दत्तू पुढे उभा राहून मोबाईलवर चित्र घेतोय. तोंड मिटता येतं, हात ऐकत नाही. कोंडाबाईची वेळ आली आणि हाताने सुपारी ठेवली. लोक माझ्या पाया पडले. गिरजा शेवटी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, सुपाऱ्या एकवीस. नावं वीस."

"हातून जादा पडली," मी म्हणाले.

तिने मान हलवली. तिने ते खरं मानलं — की मानायचं ठरवलं?

दत्तू सरपंचकीला उभा राहणार होता म्हणून लपवलं, हे मी स्वतःला फार दिवस सांगत आले. ते खरं आहे, पण कारण ते नाही. तिथे मला जो मान मिळत होता, तो कधीच मिळाला नव्हता. नावं जपणारी बाई म्हणून माझा फोटो भिंतीवर लावला होता. नाव गिळणारी बाई मला व्हायचं नव्हतं. एवढंच. यात घराची अब्रू कुठे आली?

इथवर असतं तर मी हे लिहिलंही नसतं कदाचित.

पुढच्या हिवाळ्यात गिरजा घोडेगावला आली. माझ्याच घरी उतरली. आठ दिवस घरोघर जाऊन विचारत होती आणि रोज माघारी येऊन माझ्याच उंबऱ्यावर बसत होती. ज्या उंबऱ्यावरून तिच्या आजीच्या आईला ढकललं, त्यावर बसून ती पाय दाबायची आणि मला विचारायची, आता कोणाकडे जाऊ? शेवटी तिचं पाहवेना. पाहवेना, म्हणून मी काय केलं — खरं सांगितलं?

मी तिला गुरांच्या बाजारतळावर नेलं. आदल्या दिवशी बाजार झाला होता. एका कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "जुनी माणसं म्हणायची, हितं एक घर हुतं. कोंडाबाई त्यातलीच. आता वंश न्हाई उरला."

गिरजा खाली बसली. शेणामुताची ती माती तिने डोळ्यांना लावली, रुमालात बांधली, रुमालाला दोन गाठी मारल्या. मग माझ्या गळ्यात पडून रडली. "ताई, तुझे उपकार," म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझा हात तेव्हा ऐकत होता.

नंतर चार वर्षं ती दर रविवारी फोन करायची. दर रविवारी मला सांगता आलं असतं. पाऊस किती झाला ते मी सांगायचे.

गेल्या साली तिच्या लेकीचा फोन आला. आई गेली. तो रुमाल शेवटपर्यंत उशाशी होता. माती अस्थींबरोबर समुद्रात सोडली. "आईने सांगितलं होतं," लेक म्हणाली, "मावशींना कळवा, की मला माझं घर मिळालं."

या वैशाखात नातवाचं लग्न झालं. मी सूप घेतलं. पणज्याचं नाव मोठ्याने घेतलं. बाकीची घेतली. कोंडाबाईची सुपारी गप्प ठेवली, आणि तिच्या शेजारी आणखी एक.

सून शिकायला जवळ बसली होती. म्हणाली, "आत्याबाई, बावीस झाल्या की."

"हातून जादा पडली," मी म्हणाले.