हजेरीच्या कागदाची मागची बाजू

आमच्या कांदिवलीच्या कॉलेजात हजेरी सांभाळणारा क्लार्क मालवणचा आहे. गैरहजर पोरांना तो रोज फोन लावतो, पण "लेक्चरला का नव्हतास?" असं कधी विचारत नाही. आधी विचारतो, "जेवलंस काय?" मग कानामागची पेन्सिल काढून ऐकत बसतो.

माझे निम्मे तास वर्गात, निम्मे ऑनलाइन. ऑनलाइन तासाला मी नावं पुकारते. ओ दिली नाही की गैरहजर. एक मुलगी कधीच ओ देईना. ज्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही, त्यांच्या यादीत मी तिचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी तो क्लार्क माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, पोरगी साकीनाक्याच्या गाळ्यात पॅकिंग करता. हेडफोन लावून सगळा ऐकता. माइक चालू केल्यान तर शेठ काढून टाकतलो."

"ऐकते कशावरून?"

त्याने हजेरीचा कागद उलटा करून पुढे सरकवला. माझ्या कालच्या तासाला काय झालं, ते तिने फोनवर सांगितलं होतं आणि त्याने ते शब्दन्‌शब्द लिहून घेतलं होतं. व्याख्या, उदाहरणं, सगळं बरोबर.

मी वाचत होते तोवर तो खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटची ओळ माझीच होती: "जे ओ देत नाहीत, त्यांना शिकायचंच नसतं."