मिसळ दुधाचा दर

कोल्हापूरच्या विमानतळावर माझ्या शेजारी बसलेले ते टोपीवाले गृहस्थ दोन मिनिटं एका जागी टिकत नव्हते. उठायचे, काचेपाशी जायचे, परत येऊन तिकिटाची घडी उलगडायचे. मला वैताग आला. शेवटी त्यांनी तो कागद माझ्यापुढंच धरला आणि पलीकडं बसलेल्या बायकोकडं बोट केलं.

"पावणं, बघा की जरा. अमेरिकेतल्या पोरानं त्याचं विमानाचं साठलेलं पॉइंट घालून आम्हा दोघांचं तिकीट काढलंय. हिचं गुडघं धरत्यात म्हणून मोठ्या सीटचं."

मी बघितलं. मुंबई ते दिल्ली, दोन तास बिझनेस क्लास. पुढचे अमेरिकेपर्यंतचे पंधरा तास मात्र साधी सीट. पॉइंट सगळ्या प्रवासाला बिझनेसचेच कापलेले. एक टप्पा वरच्या वर्गाचा असला तरी काही कंपन्या असंच करतात, हे मी सांगितलं.

ते ताडकन उठले. "आमच्या डेअरीत म्हशीच्या दुधात गाईचं मिसळलं, तर समद्या कॅनला गाईचा कमी दर लावत्यात. हितं उलटंच की!"

"मुलाला विचारा ना."

तेवढ्यात मुलाचाच फोन आला. "व्हय रं, लई मोठी सीट हाय. आई पाय पसरून बसंल," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

"खोटं कशाला सांगितलंत?"

"खोटं कुठलं? पोरगं दिवाळी सोडून कामासाठी उडत ऱ्हायलं, तवा साठल्यात ते पॉइंट. वाया गेलं म्हणून कसं सांगू त्याला?" त्यांनी गुडघे चोळणाऱ्या बायकोकडं बघितलं. "मला कुठं बसवतंय? मी उभा ऱ्हातो की. दोन्ही सीटा तिच्याच."